हळहळबिंदू

करवीर संग्राहक मंडळाच्या प्रयोगशाळेत खुर्ची एकच होती, आणि तिच्यात बसलं की आता कुणीतरी आपली दाढी करणार असं वाटायचं.

"सर, डोकं जरा मागं टेकवा," डॉ. मृदुला शिंत्रे म्हणाल्या आणि त्यांनी विश्वंभर नेर्लेकरांच्या टकलावर शिरोजाल बसवलं. शिरोजाल म्हणजे चांदीच्या बारीक तारांची टोपी. नेर्लेकर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मृदुला त्यांची विद्यार्थिनी. तिला त्यांनी एकदा नापास केलं होतं, आणि ते आपण विसरलो आहोत असं दोघंही दाखवत असत.

"मृदुला, पुन्हा एकदा सांग. मी आकडा बोलायचा नाही?"

"नाही सर."

"नुसता मनात धरायचा?"

"धरलात तरी चालेल. यंत्र तो विचारात घेत नाही."

सन २०४७ मध्ये संग्राहकांच्या जगात एवढं नवीन झालं होतं. बोली लावणाऱ्याचा सल्ला घेणं बंद झालं होतं.

"माणसाला विचारलं, ही वस्तू कितीला घेशील, की तो खोटं सांगतो," शिंत्रे म्हणाल्या. "लबाडीनं असं नाही, सवयीनं. कोथिंबीर घेतानाही आपण खोटंच सांगतो. म्हणून आम्ही किंमत विचारतच नाही. आम्ही हळहळ मोजतो. हळहळ दोन जातींची असते. वस्तू हातची गेली म्हणून होते ती एक. फार पैसे मोजून बसलो म्हणून होते ती दुसरी. यंत्र अर्ध्या मिनिटात तुमच्या मेंदूपुढं सहाशे किमती धरतं. किंमत चढते तशी पहिली हळहळ उतरत जाते आणि दुसरी चढत जाते. जिथं दोन्ही सारख्या होतात, तो तुमचा हळहळबिंदू. तीच तुमची बोली. ती बंद राहते, तुम्हालासुद्धा कळत नाही."

"आणि ज्याचा बिंदू सगळ्यांत वर, तो जिंकला."

"हो, पण तो पैसे देतो त्याच्या खालच्या बिंदूइतके."

"म्हणजे उघड्या लिलावासारखंच की," नेर्लेकरांच्यातला प्राध्यापक खुर्चीतही उभा राहिला. "तिथंही शेवटच्या माणसानं हात खाली केला की आपण त्याच्याहून जरासं वर थांबतो. आपल्या मनात किती होतं ते आपल्यापाशीच राहतं. गणित एकच."

"गणित एकच आहे सर. फक्त तिथं हात दिसतात. कुणी कधी वर केला, कुणी मुद्दामच केला नाही. माणसं हातांवरून आपसात ठरवून ठेवतात. त्याला संगनमत म्हणतात, आणि ते मोडायला तर हे यंत्र केलं. इथं हाताला कुणी विचारत नाही."

"बरोबर आहे," नेर्लेकर गंभीरपणे म्हणाले. संगनमताविरुद्ध मंडळानं सरकारला जो अर्ज केला होता, त्यावर पहिली सही त्यांचीच होती. दुसरी सही बाळगोंडा मगदूमांची होती. आपण दोघं करतो ते संगनमत, असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. चौतीस वर्षं ते त्याला मैत्री समजत आले होते.

दोघंही काडेपेटीची लेबलं जमवत. काडेपेट्या निघायच्या बंद होऊन बारा वर्षं झाली होती, आणि आग नाहीशी झाली की धुराला भाव येतो तसं लेबलांचं झालं होतं. या दोघांचा करार त्याच्या कितीतरी आधीचा. मिरजेच्या एका लिलावात दोघांनी एकाच लेबलावर एकमेकांना चढवत चढवत दोघांचेही पगार संपवले होते. बाहेर येऊन एकाच कपात चहा घेताना त्यांनी ठरवलं: प्राणी नेर्लेकरांचे, देव मगदूमांचे. मगदूम जनावरांचे डॉक्टर असल्यामुळं त्यांना घरीदारी जनावरांचा कंटाळा आला असेल, असं नेर्लेकरांना वाटलं होतं. वाटणीत ज्याला हवं ते मिळतं, त्याला समोरच्याबद्दल असंच काहीतरी वाटतं.

पोटनियमही होते. नंदी एकटा असेल तर तो प्राणी. पाठीवर महादेव असतील तर देव. उंदराच्या बाजूला नुसताच मोदक असेल तर तो प्राण्याचा खाऊ समजावा. आणि एकाला दुसऱ्याच्या जातीचं काही सापडलं, तर त्यानं ते घेतल्या भावात देऊन टाकावं. लिलावात प्राणी निघाला की मगदूम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. देव निघाला की नेर्लेकर चहाला जात. बाकीचे लोक किरकोळ बोली लावून थांबत, आणि लेबल वडापावच्या भावात घरी येई.

चौतीस वर्षांत नेर्लेकरांना एकच प्राणी मिळाला नव्हता. पाच पायांचा बैल. बेळगावकडच्या एका बुडालेल्या कारखान्याचं लेबल; तांबड्या कागदावर हिरवा बैल. चित्रकारानं पुढचा पाय काढला, तो पसंत पडला नाही म्हणून दुसरा काढला, आणि पहिला खोडायचा राहिला. संग्राहकांच्या सूचीत 'एक प्रत शिल्लक' असं लिहिलं होतं. ती कुठं आहे ते लिहिलेलं नव्हतं. नेर्लेकरांनी तिच्यापायी पार तमिळनाडूतली काडेपेट्यांची शिवकाशी पाहिली, सात्तूर पाहिलं, हुबळीच्या गोदामात तीन दिवस धूळ खाल्ली. प्रत्येक वेळी मगदूम बरोबर होते, स्वतःच्या तिकिटानं.

तो बैल आता मंडळाच्या यादीत आला होता. विकणाऱ्याचं नाव, नियमाप्रमाणं, बंद.

"घे लेका," मगदूम फोनवर म्हणाले होते. "प्राणी आहे, तुझाच. मी बोलीला फिरकणारसुद्धा नाही."

म्हणून नेर्लेकर खुर्चीत निवांत बसले. एवढ्या बैलावर आणखी कोण जीव टाकणार? चार-पाचशेला मिळेल, फार तर हजाराला. यंत्र गुणगुणलं, थांबलं. आठवड्यानं फलकावर निकाल लागला. बैल नेर्लेकरांना मिळाला होता. देय किंमत: अकरा लाख चाळीस हजार रुपये.

नेर्लेकरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग शून्यं मोजली. संख्याशास्त्राच्या माणसाला शून्यं मोजावी लागणं ही काही साधी गोष्ट नाही.

पैसे त्यांनी भरले. दोन्ही गुडघे बदलून घेण्यासाठी ठेव होती, ती मोडली. यंत्र न परवडणारं काही कुणाच्या माथी मारत नाही, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. तुमचा स्वतःचा बिंदू याहून वर आहे, तेव्हा तुम्हाला हे परवडतं. नेर्लेकरांच्या गुडघ्यांना कुणी शिरोजाल लावलं नव्हतं.

पण गुडघे दुखत होते त्याहून वेगळंच काहीतरी दुखत होतं. अकरा लाख चाळीस हजार हा त्यांच्या खालचा बिंदू होता. म्हणजे कुणालातरी तो बैल तितका हवा होता. जगात त्या बैलाला मिसळीच्या प्लेटीपेक्षा जास्त किंमत देईल असा, नेर्लेकर सोडून, एकच माणूस होता. आणि तो माणूस म्हणाला होता, मी फिरकणारसुद्धा नाही.

मगदूमांचे तीन फोन आले. नेर्लेकरांनी घेतले नाहीत. चौथा आलाच नाही, आणि न आलेला तोच त्यांना जास्त झोंबला.

तीन आठवड्यांनी ते प्रयोगशाळेत गेले.

"मृदुला, मला नाव नको. नियम मला माहीत आहे. फक्त एवढंच सांग, त्या खुर्चीत माझ्याआधी किती माणसं बसली?"

"सर, बोलीदार म्हणून बसलेले तुम्ही एकटेच."

"मग अकरा लाख चाळीस हजार काय माझ्या सावलीनं लावले?"

"तो विकणाऱ्याचा बिंदू होता."

नेर्लेकर त्या एकुलत्या खुर्चीच्या कडेवर टेकले.

"पूर्वी विकणारा राखीव किंमत सांगायचा ना? तोही खोटंच सांगायचा. म्हणून आम्ही त्यालाही खुर्चीत बसवतो. वस्तू देऊन टाकताना होणारी हळहळ आणि ती न विकता घरी नेताना होणारी हळहळ, दोन्ही मोजतो. त्याचा बिंदू बोलीदारांच्या रांगेत जाऊन बसतो. बाकी कुणी नसेल, तर जिंकणारा तेवढेच पैसे देतो." मग त्या म्हणाल्या, "मीही चक्रावले होते सर. ज्याला विकायची घाई आहे त्याला इतकी हळहळ मी पाहिली नव्हती. दोनदा यंत्र तपासलं."

"यंत्र बरोबर आहे," नेर्लेकर म्हणाले. त्यांच्या डोक्यातलं गणित केव्हाच सुटलं होतं. त्यात अज्ञात राशी एकच होती, आणि ती शाहूपुरीत राहत होती. मगदूम बोलीला फिरकले नव्हते, हे खरं होतं. बैलासाठी ते नेर्लेकरांशी लढलेच नव्हते. बैल त्यांच्याकडंच होता.

मगदूम व्हरांड्यात शेजाऱ्यांच्या मांजराच्या कानात औषध घालत होते.

"किती वर्षं?" नेर्लेकरांनी पायरीवरूनच विचारलं.

मगदूमांनी वर पाहिलं आणि मांजर सोडून दिलं. "बस तर खरं."

"किती?"

"बत्तीस."

नेर्लेकर बसले. गुडघ्यांनी दुसरा पर्याय ठेवला नव्हता.

"जयसिंगपूरच्या रद्दीवाल्याकडं सापडला," मगदूम म्हणाले. "एका जुन्या पंचांगात. पंधरा रुपये पडले."

"मग शिवकाशी? सात्तूर? हुबळीचं गोदाम? तिथं आपण काय शोधत होतो रे?"

"बैल," मगदूम म्हणाले. मग तेवढं पुरेसं नाही हे त्यांनाच जाणवलं. "तू शोधत होतास. मी सोबत होतो."

"भिंग घेऊन?"

"भिंग तूच दिलंस की हातात."

"गोंड्या, सात्तूरला मी तापानं फणफणलो होतो. तू माझ्या उशाशी बसून म्हणालास, बैल मिळेल, धीर सोडू नकोस. बैल तेव्हा कुठं होता?"

"इथंच. कपाटात." मगदूमांचा आवाज खाली गेला. "पण ताप खराच उतरवला ना मी?"

"का? एवढंच सांग. का?"

"व्याघ्रवाहिनी."

नेर्लेकरांना आठवायला वेळ लागला. बत्तीस वर्षांपूर्वीचं लेबल. लेबलभर वाघ आणि त्याच्या पाठीवर ठिपक्याएवढी देवी. प्राणी म्हणून ते त्यांनी घेतलं होतं.

"अरे, ती देवी तिळाएवढी होती! वाघाची माशी वाटत होती!"

"तिळाएवढी असली तरी बसलेली होती. पोटनियम काय होता?"

"तू तेव्हा काही बोलला नाहीस!"

"तूच बोलशील असं वाटलं. पुढच्याच महिन्यात बैल सापडला. म्हटलं, देवी इकडं आली की बैल तिकडं पाठवू. देवी काही आली नाही."

"मागायची होतीस की!"

"पहिल्या वर्षी रागात होतो. दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटली. पुढची तीस वर्षं ती दुसऱ्या वर्षाचीच लाज." मगदूमांनी औषधाची बाटली उगाचच उन्हात धरून पाहिली. "आणि खरं सांगू? नंतर मला तो आवडायला लागला. शिरोळला एका गोठ्यात मी असा खोंड पाहिलाय, खांद्याला पाचवा पाय लोंबणारा. माझ्या हातानं कापलाय तो पाय. लोकांना ती छापणाऱ्याची चूक वाटते. मला तो ओळखीचा वाटतो."

"मग विकलास कशाला?"

"मृत्युपत्र. माझे अल्बम तुला, तुझे मला. मी आधी गेलो तर तू कपाट उघडणार. देवांच्या मध्ये बैल निघणार. माझ्यामागं तू मला काय म्हणाला असतास, ते मला इथं बसूनच ऐकू यायला लागलं होतं. म्हटलं, जिवंतपणी गुपचूप तुझ्याकडं पोचवावा." मगदूम कसनुसं हसले. "उघडा लिलाव असता तर मी चारशे रुपये राखीव लावली असती. तू चारशे दहाला घेतला असतास, मी समोर बसून टाळ्या वाजवल्या असत्या, झालं. ती शिंत्रेबाई म्हणाली, किंमत सांगायची नाही, खुर्चीत बसायचं. मी बसलो आणि मनात घोकत राहिलो, चारशे, चारशे, चारशे."

"यंत्र ते विचारात घेत नाही."

"ते नंतर कळलं. पैसे घेऊन जा. सगळे तसेच आहेत."

"पैशाचं काय घेऊन बसलास?" नेर्लेकर उठले. ते एकदम उठता न आल्यानं, जायचा आव जसा हवा होता तसा आला नाही. "तू बैल चोरला असतास तर चाललं असतं. बत्तीस वर्षं मी ज्याच्याबरोबर हिंडलो तो कोण होता, तेवढं मला सांगता येईना झालंय."

घरी येऊन त्यांनी बैल टेबलावर ठेवला आणि भिंगातून पाहिला. पाय पाचच होते. प्रत्येक पायाकडं पाहताना त्यांना भिंगाच्या दुसऱ्या बाजूला मगदूमांचा चेहरा दिसायचा, हुबळीच्या धुळीत, फार मन लावून शोधणारा.

चार दिवसांनी त्यांनी बैल मंडळात विक्रीला लावला. घेणारा एकच असणार हे त्यांना ठाऊक होतं. फलकावर जो आकडा लागेल, तो विकणाऱ्याच्या हळहळीचा असेल, हेही ठाऊक होतं. तोंडानं बोललेलं मगदूम सत्तर प्रकारे समजून घेतील, नाहीतर घेणार नाहीत. यंत्राचा आकडा मात्र कुणाला समजून घ्यावा लागत नाही. तो असतो. आपल्याला आता या बैलाचं आणि तो घेणाऱ्याचं काही वाटत नाही, एवढं त्यांना मगदूमांना कळवायचं होतं.

भीती एकच होती. बिंदू वर गेला तर?

"सर, नक्की?" शिरोजाल बसवताना शिंत्रेंनी विचारलं.

"मला काय विचारतेस? मला विचारायचं नसतं, हे तूच शिकवलंस."

यंत्र गुणगुणलं आणि थांबलं. नेर्लेकरांना वाटलं, या वेळी जरा लवकरच थांबलं.

निकालाच्या दिवशी दुपारी मंडळाच्या दिवाणखान्यात तिघंच होते. मगदूम इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. शिंत्रेंनी फलक लावला.

विक्री झाली. देय किंमत: दहा रुपये.

"दहा म्हणजे?" मगदूमांनी विचारलं.

"काका, दहाच्या खाली यंत्र मोजत नाही," शिंत्रे हळूच म्हणाल्या. "दहा म्हणजे शून्यच."

मगदूमांनी मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. नेर्लेकर फलकाकडं पाहत होते. त्यांना हवा होता तोच आकडा आला होता, आणि तो तिथं लिहिलेला पाहून आपल्याला बरं वाटेल असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी बैल आठवून पाहिला. चौतीस वर्षं ज्याच्या नुसत्या नावानं छातीत कळ यायची, तो तांबड्या कागदावरचा हिरवा बैल. त्यांनी स्वतःहून हळहळ आणून पाहिली. आली नाही. मगदूमांनी बैल बत्तीस वर्षं ठेवून घेतला आणि परतही केला. पण त्याची ओढ कुठं गेली, ती कुणाच्याच कपाटात नव्हती.

"विश्वंभरा," मगदूम म्हणाले, "मी अकरा लाख चाळीस हजार आणलेत. तुझेच आहेत."

"किंमत दहा आहे."

"बाई, मला जास्त द्यायचे आहेत."

"बंद बोलीत वर देता येत नाही काका. बिंदू ठरला की ठरला."

"मग उघडी कर!"

"उघड्या लिलावाला बंदी आहे. आणि समोर दुसरा बोलीदारही नाही."

मगदूम उभे राहिले. रिकाम्या खुर्च्यांकडं तोंड करून त्यांनी उजवा हात वर केला.

"एक लाख," ते म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला. "दोन लाख."

नेर्लेकर जिन्याच्या कठड्याला धरत खाली आले. रस्त्यावर ऊन होतं. त्यांनी फोनवर रिक्षा मागवली आणि फाटकाशी उभे राहिले. वरच्या उघड्या खिडकीतून मगदूमांचा आवाज येत होता. ते स्वतःवरच बोली चढवत होते, मिरजेला चढवली होती तशी, दम घेत घेत. पाच लाख. सहा. मध्येच शिंत्रेंचा आवाज, "काका, पाणी घ्या." मग सात.

प्रत्येक आकड्याला नेर्लेकर श्वास धरून थांबत होते, आत कुठं काही हलतंय का ते पाहायला. नऊ लाखाला थांबले. अकरा चाळीसला जरा जास्तच वेळ थांबले. बाराही ऐकले.

मग रिक्षा आली.